निपाणी ते कुणकेश्वर: एस.टी.नं जाऊन लाव्हाच्या किनाऱ्यावरची चाल

प्रश्न निपाणीच्या एका शिक्षिकेचा आहे. थोडक्यात असा: "आम्ही तिघी मैत्रिणी, पन्नाशीच्या आसपास. रोज सकाळी पाच-सहा किलोमीटर चालतो. गाडी कुणाकडेच नाही. परदेशात काळ्या लाव्हाच्या दगडांवरून समुद्राकडेनं चालत जातात, ते व्हिडिओ बघून हौस आली आहे. आपल्या भागातून बसनं जाऊन असं काही होण्यासारखं आहे का? शनिवार-रविवार एवढाच वेळ मिळतो."

होण्यासारखं आहे, ताई. आणि तुम्ही निपाणीच्या म्हणजे बेळगावकरांपेक्षा सोयीच्या जागी आहात. निपाणी-देवगड रस्ता तुमच्या गावातूनच निघतो. मुरगूड, मुधाळ तिट्टा, राधानगरी, दाजीपूर, फोंडाघाट, नांदगाव करत तो समुद्राला जाऊन भिडतो. तुम्हाला हवा तो काळा दगड आणि समुद्र एकत्र बघायला देवगडसारखी दुसरी जागा आपल्याला जवळ नाही.

आधी एक गोष्ट सांगतो, म्हणजे तिथं जाऊन हिरमोड व्हायला नको. व्हिडिओत दिसतो तसा धुराचा डोंगर, तोंड उघडं असलेला ज्वालामुखी आपल्या या भागात कुठंच नाही. आपला लाव्हा जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून आला, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी. एक थर पसरला, थंड झाला, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. आज उरलेला पसाराच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरचा आहे. सह्याद्रीत महाबळेश्वरच्या बाजूला तो जाडजूड आहे, दक्षिणेकडे पातळ होत येतो आणि संपतो तो नेमका आपल्या बेळगाव भागात. गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरून कोसळतो तो दगड लाव्हाचा नाही. लाव्हा येण्याच्या कितीतरी आधीचा, वाळू दाबली जाऊन झालेला आहे. म्हणजे एकाच जिल्ह्यात तुम्हाला लाव्हाची चादरही दिसते आणि तिच्या काठाखालून डोकावणारी जुनी जमीनही.

किनाऱ्यावरही तेच. देवगड-विजयदुर्गच्या बाजूला लाव्हा आहे. मालवणच्या खाली उतरलात की फार जुने, उष्णतेनं आणि दाबानं बदललेले खडक लागतात. रेडीला लोखंडाच्या खाणी आहेत त्या याच जुन्या खडकांमुळे. बेळगावच्या लोकांना जवळचा समुद्र वेंगुर्ल्याचा. हिंडलगा, तुरमुरी, बाची, शिनोळी करत आंबोली घाटानं उतरणारा रस्ता मुळात त्या बंदरासाठीच नांदता झाला, आणि तिथली डच वखार बघण्यासारखी आहे. वेंगुर्ल्याला जरूर जा. पण लाव्हा बघायला म्हणून जाऊ नका. गोकर्णचंही तसंच: कुडले, ओम, हाफ मून अशी किनाऱ्या-किनाऱ्यानं जाणारी वाट सुरेख आहे, पण दगड वेगळा. तुमचा प्रश्न काळ्या दगडाचा आहे, म्हणून मी देवगडवर अडून बसलोय.

देवगडला तुम्ही दोन मजल्यांवर चालणार. वरचा मजला जांभ्याचा, तांबडा, सपाट सडा. खालचा मजला भरती-ओहोटीच्या पट्ट्यातला काळा कातळ. हे दोन्ही मूळचे एकच. काळा दगड लाखो वर्षं ऊन-पावसात कुजला, त्यातली वाळूच्या जातीची द्रव्यं पाण्याबरोबर वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागं राहिलं, त्याचा जांभा झाला. खानापूर-चंदगडकडच्या घरांना जो तांबडा चिरा लावतात तोच. खणताना कुऱ्हाडीनं तासता येतो आणि वारा लागला की टणक होतो.

आता तुमच्याकडे गाडी नाही, त्याबद्दल. याला मी अडचण म्हणणारच नाही. किनाऱ्यावर गाडी नेणारा माणूस गाडीला बांधलेला असतो. जिथं लावली तिथंच त्याला परत यावं लागतं, म्हणजे अर्धी वाट दोनदा चालायची आणि निम्मा किनारा बघायचाच नाही. एस.टी.वाल्याला मात्र एका थांब्यावर उतरून दुसऱ्या गावी गाडी पकडता येते. किनारी चाल एका दिशेनंच करायची असते आणि ती बसनंच जमते. माझ्याबरोबर येणाऱ्यांपैकी ज्यांच्या दारात दोन-दोन गाड्या आहेत त्यांनाही मी लाल डब्यानंच नेतो. कुरकुर घाट उतरेपर्यंतच असते.

फक्त एक शिस्त पाळायची. बेत शेवटापासून आखायचा. आधी परतीची शेवटची भरवशाची गाडी, मग ओहोटीची वेळ, आणि या दोन्हींत काय बसतं ते बघून मग वाट. बहुतेक लोक वाट आधी ठरवतात आणि संध्याकाळी तिठ्यावर हात दाखवत उभे राहतात.

गाड्यांचं असं. निपाणीहून थेट देवगड मिळाली तर नशीब, पण तिच्या भरवशावर निघू नका. सकाळी लवकर निपाणीहून राधानगरी गाठा, थेट नसेल तर मुधाळ तिट्ट्याला बदलून. कोल्हापूरहून फोंडाघाटानं कोकणात उतरणाऱ्या गाड्या राधानगरीवरून जातात, त्या तिथं धरायच्या. पाटी देवगडची असेल तर प्रश्नच नाही. कणकवलीची असेल तर सरळ कणकवलीपर्यंत जा आणि स्टँडवरून देवगडची गाडी घ्या. नांदगाव तिठ्यावर उतरून थांबायचा सल्ला तुम्हाला पुष्कळजण देतील, वेळ वाचतोही, पण तिथं येणारी गाडी भरून आली तर तिघींना उभ्यानं जावं लागेल. कणकवलीत बसायला जागा मिळते, स्वच्छतागृह मिळतं आणि चहाही.

वेळापत्रक मोबाइलवर बघा, पण खरं मानू नका. कंट्रोलरच्या खिडकीत जाऊन दोन प्रश्न विचारा. पहिला: कुणकेश्वरहून परतीची दुपारनंतरची गाडी कुठली आणि ती रविवारी असते का? खेडेगावातल्या कितीतरी फेऱ्या शाळा-कॉलेजच्या पोरांसाठी असतात. त्या रविवारी नसतात, आणि फळ्यावर तसं लिहिलेलं नसतं. दुसरा: वस्तीची गाडी कुठल्या गावाला आहे? वस्तीची गाडी संध्याकाळी गावात जाते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपतात आणि पहाटे तीच परत फिरते. ती सहसा चुकत नाही. कारण तिला परत यावंच लागतं. पहाटेच्या चालीसाठी मला तिच्याइतकी भरवशाची दुसरी गाडी माहीत नाही.

तिकिटाचा हिशोब तुमच्या फायद्याचा आहे. महाराष्ट्र एस.टी.त १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. कर्नाटकात शक्ती योजना ११ जून २०२३ ला सुरू झाली, त्यामुळं बेळगाव, चिक्कोडी, संकेश्वरकडून कुणी मैत्रीण तुम्हाला निपाणीत येऊन मिळणार असेल तर तिचा तिथपर्यंतचा प्रवास साध्या बसमध्ये आधार कार्डावर फुकट. हद्द ओलांडली की शक्ती संपते आणि अर्धं तिकीट सुरू होतं. म्हणून गाडी निपाणीतच बदलणं सोयीचं. सुट्टे पैसे ठेवा. घाटात रेंज गेली की कंडक्टरचं यंत्र आणि तुमचा फोन दोघंही हात वर करतात.

आपल्याकडची म्हणून एक सूचना. १ नोव्हेंबर टाळा, आणि हिवाळ्यात बेळगावला अधिवेशन चालू असतं तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. एकीकडे राज्योत्सव, दुसरीकडे काळा दिवस, कुठंतरी ठिणगी पडते आणि दोन्ही बाजूंच्या गाड्या हद्दीवर थांबतात. अशा वेळी निपाणीकरांनी कोगनोळीपर्यंत मिळेल त्या वाहनानं जाऊन कागलहून पुढची गाडी धरायची, बेळगावकरांनी शिनोळी गाठायची. सीमाभागात राहणाऱ्याला हे नवीन नाही, पण परतीच्या दिवशी असं झालं तर सोमवारची शाळा बुडते.

आता समुद्राचं वेळापत्रक. काळा कातळ ओहोटीलाच उघडा पडतो, त्यामुळं तारीख ठरवण्याआधी कालनिर्णय काढून तिथी बघायची. कोकणातला जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. म्हणजे चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास ओहोटी. हा आडाखा मुंबईकडचा. देवगड-मालवणला भरती त्याआधी, साधारण तासभर अलीकडे येते. तेव्हा तो अंदाजापुरता वापरा आणि आदल्या संध्याकाळी बंदरावर कुणालाही विचारून पक्का करा. मासेमारी करणाऱ्या माणसाला हे घड्याळ न बघता सांगता येतं.

अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं: भरती फार वर चढते, ओहोटी फार खाली जाते. पण त्या दिवशी ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी पडते, म्हणजे अंधारात तरी चालायचं किंवा भर दुपारी चढत्या-उतरत्या पाण्याशी झगडायचं. अष्टमीला भांग. ओहोटी दुपारी पडते खरी, पण पाणी फारसं मागं सरतच नाही, कातळ अर्धवट बुडालेलाच राहतो. म्हणून मी तृतीया ते पंचमी धरतो, कुठल्याही पक्षातली. पाणी बऱ्यापैकी मागं गेलेलं असतं आणि ओहोटी सकाळी सात ते साडेनवाच्या दरम्यान सापडते. ऊन चढायच्या आत कातळ बघून होतो. या तिथ्या जिथं शनिवार-रविवारी येतात असा आठवडा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत शोधा. मार्चनंतर सडा तापतो. पावसाळ्यात या किनाऱ्याचं नाव काढू नका, १ जून ते ३१ जुलै तर मच्छीमारांच्या यांत्रिक होड्याही बंद असतात. आणि एप्रिल-मेमध्ये हापूसचा हंगाम असतो. कलमांच्या बागांना जांभ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, घातलेले असतात, आत राखणदार आणि कुत्री. गडगा ओलांडून जवळची वाट काढायचा विचारही नको.

शनिवारी दुपारी देवगडला पोचाल. खोलीवर सामान टाकून किल्ल्याकडे चालत जा. किल्ला लहान आहे, अर्ध्या तासात होतो. आत दीपगृह आहे, ते संध्याकाळी ठरावीक वेळेत बघायला देतात. वेळ आधी विचारून घ्या. पण तुमचं खरं काम, रविवारी सकाळच्या ओहोटीचं, किल्ल्याच्या बुडाशी आणि खालच्या पुळणीच्या, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याच्या, दोन्ही टोकांना आहे. तिथं खाली वाका. काळ्या दगडात मुगाएवढी, बोराएवढी भोकं दिसतील. लाव्हा पातळ असताना त्यातून वायूचे बुडबुडे वर येत होते, ते बाहेर पडायच्या आत दगड गोठला. काही भोकं रिकामी असतात. काहींत नंतर पाणी झिरपून पांढरे खडे भरलेले असतात, नखानं खरवडले तर काही जाग्यावरून हलत नाहीत, काही भुगा होऊन हातात येतात. त्या भोकांमध्ये आणि कपारींत कालवं चिकटलेली. दगडाला टेकण्यासाठी हात ठेवाल तर कालवाची कड चाकूसारखी कापते, म्हणून बागकामाचे हातमोजे जवळ असू द्यात. आता मान वर करून कड्याकडे बघा. खालून काळा, मग पिवळट-मातकट, भुसभुशीत, आणि वर तांबडा भोकाभोकांचा जांभा. दगड कुजत कुजत जांभा कसा झाला ते एका नजरेत दिसतं. काळजी एवढीच घ्यायची की त्या मातकट पट्ट्याखाली उभं राहायचं नाही. तोच ढासळतो आणि वरचे चिरे घेऊन येतो.

कातळावर पाय कुठं ठेवायचा? कोरडा, फिकट, मिठाची पांढरी झाक असलेला दगड चालेल. गर्द काळा आणि ओला असेल तर लाट तिथवर येते असं समजा, आता येत नसली तरी. हिरवं दिसलं की पाय नाहीच. फोटोसाठी समुद्राकडे पाठ करून उभं राहणाऱ्यांना मी परत नेत नाही, एवढं कडक वागावं लागतं. बूट खोबणीच्या रबरी तळव्याचे, आधी वापरून नरम झालेले. चपला आणि सँडल जांभ्याच्या सड्यावर दोन तासांत बोटं सोलतात.

रविवारी उजाडता निघा. आधी हा कातळ आणि देवगडची पुळण, मग तिच्या दक्षिणेच्या टेकडीवर पवनचक्क्या. कड्याखालून वळसा घालून जायचा मोह होतो, तरुण पोरं जातातही. मी नेहमी वरून नेतो, कारण खालच्या वाटेवर मध्येच पाणी आलं तर वर चढायला जागा नाही. वरून पुळण, किल्ला, बंदर असा सगळा पट दिसतो. तिथून तारामुंबरीला उतरायचं. खाडीवर पूल झाल्यापासून ही चाल शक्य झाली. पूर्वी कुणकेश्वरला जामसंड्यावरून मोठा फेरा घालून जावं लागे. पूल ओलांडला की मिठमुंबरी: सुरूची बनं आणि लांबच लांब वाळू. इथं लाव्हा विसरा, बूट काढा आणि ओल्या वाळूवरून चाला. ओली वाळू घट्ट असते, कोरडीत पाय रुततो आणि पोटऱ्या भरून येतात. वाळू संपते तिथून रस्त्यानं कुणकेश्वर.

रमतगमत, डबा खाऊन सगळं मिळून चार तास धरा. पाणी प्रत्येकी तीन लिटर, कारण सड्यावर ना झाड ना विहीर. डब्यात भाकरी आणि शेंगाची चटणी न्या. दही नको, उन्हानं आंबतं. देवगड स्टँड सोडल्यावर स्वच्छतागृहाची सोय थेट कुणकेश्वरलाच. मध्ये मिठमुंबरीत घरी विचारलंत तर कुणी नाही म्हणत नाही.

कुणकेश्वराचं देऊळ अगदी समुद्रालगत आहे. दर्शन झालं की तिथंच जेवण मिळेल. शनिवारी उशीर होऊन देवगडला खोली मिळाली नाही तर इथं भक्तनिवास आहे, घरगुती सोयही होते. मग चाल उलटी करा, कुणकेश्वरहून देवगडला. ओहोटीच्या दृष्टीनं थोडं अवघड, कारण कातळ शेवटी येतो तोवर पाणी चढायला लागलेलं असतं. पण परतीला देवगडहून गाड्या जास्त. महाशिवरात्रीला इथं मोठी जत्रा भरते, एस.टी. जादा गाड्या सोडते. जत्रा बघायची असेल तर ती वेळ छान, चालायचं असेल तर अजिबात नाही.

दुपारी एकपर्यंत कुणकेश्वरच्या थांब्यावर या. देवगड, कणकवली, मग राधानगरीकडची गाडी. घाट दिवसाउजेडी चढता आला तर खिडकीतून रस्त्यासाठी कापलेली भिंत बघा. काळ्या थरांच्या मध्ये कधी कधी विटकरी पट्टा दिसतो. एक थर थंड झाला, त्यावर माती तयार व्हायला वेळ मिळाला आणि मग पुढचा लाव्हा येऊन ती भाजून निघाली, त्या मधल्या काळाचा तो पट्टा. दाजीपूरला गवे रस्त्यावर येतात, गाडी थांबली तर खाली उतरू नका.

विजयदुर्ग याच दोन दिवसांत कोंबता येईल का, असं तुम्ही पुढं विचारालच. नको. त्याला वेगळी सुट्टी काढा. विजयदुर्गला एस.टी.चं स्वतःचं आगार आहे, त्यामुळं पहाटेच्या गाड्या मिळतात. तळेरे किंवा देवगडहून पडेल कॅन्टीन नावाच्या थांब्यावरून जायचं. किल्ला बघून गिर्येच्या रामेश्वरापर्यंत तासाभराची चाल आहे, आणि देवळात उतरणारी वाट जांभ्याचा कडा फोडून काढलेली आहे. दोन्ही बाजूंना उभा तांबडा दगड, मधून पायवाट. वाघोटनच्या खाडीत आंग्र्यांच्या काळातली, खडक खोदून केलेली गोदी आहे, तीही बघा. किल्ल्यात साहेबाचे ओटे, म्हणजे ग्रहण बघायला बांधलेले चौथरे, दाखवतात आणि हेलियमचा शोध इथंच लागला असं सांगतात. इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर २२ जानेवारी १८९८ चं खग्रास ग्रहण बघायला विजयदुर्गला आला होता हे खरं, पण सूर्यप्रकाशातली हेलियमची रेषा त्याच्या ३० वर्षं आधी, १८६८ मध्येच सापडली होती.

आणि एखाद्या मोठ्या सुट्टीत दगडाचे उभे खांब बघायचे असतील, तर उडुपीजवळ मलप्याहून होडीनं सेंट मेरी बेटावर जा. तिथला लाव्हा आपल्यापेक्षाही जुना, सुमारे ८.८ कोटी वर्षांचा, मादागास्कर भारतापासून तुटला त्या काळातला, आणि थंड होताना तडकून त्याचे पाचकोनी-षटकोनी खांब झालेत. चालायला तिथं फारसं काही नाही, पावसाळ्यात होड्याही बंद. पण निपाणीहून मलप्यापर्यंतचा बसप्रवास पूर्ण कर्नाटकातला आहे, त्यामुळं साध्या सरकारी बसा धरत गेलात तर तिघींचंही तिकीट शून्य.